बोटीवरचे चौदा जण

बुधवारी सकाळी साडेअकराला फोन वाजला तेव्हा माझ्या हातात एका शाळामास्तरांच्या चष्म्याची डावी काच होती. घासून झाली होती, कड चांगली आली होती, फ्रेमच्या खाचेत बसवायची तेवढी राहिली होती. हे काम असं आहे की बोटांनी जरा घाई केली की काचेची कपची उडते. एरवी कामाच्या वेळी मी फोन उचलत नाही. पण गेले तीन महिने माझा फोन वाजला की मालक हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत बसतात, चेहऱ्यावर ते ठरलेलं दुःख आणून, आणि ते दुःख बघवत नाही म्हणून मी उचलते. "मी बोलतोय," पलीकडून माझा नवरा म्हणाला. काचेचा कोपरा तडकन उडाला आणि मला पहिल्यांदा राग आला तो काचेचा. "कुठून बोलतोयस?" "बाहेरून." "कुठल्या बाहेरून?" "बोटीच्या बाहेरून. मला काढलं त्यांनी. एकोणीस दिवस झाले." अकरा वर्षं झाली लग्नाला, हा माणूस असाच बोलतो. एकेक शब्द डब्याच्या तळातून चमच्याने खरवडून काढावा तसा. मी विचारलं, मग एकोणीस दिवस काय करत होतास. तो म्हणाला, इथे दुसऱ्या एका बंदरावर खलाशांची धर्मशाळा आहे, तिच्या स्वयंपाकघरात मदत करतो. मी विचारलं, घरी कधी येतोस. त्यावर नुसता भांड्यांचा आवाज आला. मग म्हणाला, "कंपनीला सांगितलंय, घरी मीच कळवतो म्हणून. तू कुणाला सांगू नकोस. आईला तर अजिबात नको." आणि फोन ठेवला. मालक उठून माझ्या बाकापाशी आले होते. "काही बातमी?" "चुकीचा नंबर," मी म्हणाले, आणि शाळामास्तरांसाठी दुसरी काच काढायला कपाटाकडे गेले. कपाटाच्या दाराआड उभं राहून मी काचांची पाकिटं उगाचच चाळत राहिले. माझा नवरा जिवंत होता. हे वाक्य तीन महिने मी स्वतःशी म्हणायला घाबरत होते, आणि आता ते खरं निघालं तर कुणाला सांगायचं नव्हतं.

तो मालवाहू बोटीवर आचारी आहे. बोटीवर सोळा माणसं. धान्य उतरवायला म्हणून एका बंदरात शिरली आणि तिसऱ्या दिवशी तिथे युद्ध सुरू झालं. बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरले गेले, दोन्ही काठांवरून तोफा सुरू झाल्या आणि मध्ये ही बोट, ना पुढे ना मागे. कंपनीचा माणूस आठवड्यातून एकदा फोन करायचा आणि "सगळे सुखरूप आहेत" बहुतेक वेळा एवढंच सांगायचा, तेही शाळेच्या निकालासारखं वाचून. पहिल्या रविवारी सासूबाईंनी मंडळीत उठून सांगितलं की माझा मुलगा अडकलाय, आणि त्या दिवसापासून माझं घर माझं राहिलं नाही. चर्चच्या दाराशी त्याचा फोटो लागला. घरातला कुठलाही चांगला फोटो न मागता कुणीतरी त्याच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला. त्यात त्याचे डोळे अर्धे मिटलेले आहेत आणि तो शिंकायच्या बेतात असल्यासारखा दिसतो. दर रविवारी त्या शिंकेसमोर लोक थांबायचे, माझा हात हातात घ्यायचे, आवाज खाली आणून बोलायचे, जणू मी आजारी आहे आणि पलीकडच्या खोलीत झोपले आहे. मग पाळक प्रार्थना करायचे. आमचे पाळक सज्जन माणूस, पण त्यांच्या तोंडातून शब्द इस्त्री करूनच बाहेर पडतात. युद्धग्रस्त बांधवांना धीर दे. सर्व राष्ट्रांच्या पुढाऱ्यांना सद्बुद्धी दे. रविवारी मागितलेली ती सद्बुद्धी किती पोचली ते सोमवारच्या वर्तमानपत्रात दिसायचं. मी डोळे मिटून बसायची आणि बाकाच्या कडेचा रंग नखाने खरवडायची. खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत मी एकदाही प्रार्थना केली नाही. तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याची खात्री नव्हती. माझ्या वाटची सगळे करत होतेच.

सासूबाई मात्र इस्त्रीच्या शब्दांत प्रार्थना करत नाहीत. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे देवालाही कमी येत असावं असं धरून त्या मोठ्याने बोलतात, आणि देवाला नेमकं काम सांगतात. प्रभू, त्याचे मोजे वाळू देत. तो सगळ्यांना वाढतो आणि स्वतः खरवड खातो, तर पातेल्यात त्याच्यासाठी काहीतरी राहू दे. आणि जे समोरून गोळे टाकतात त्यांच्या आयांना झोप लागू दे, त्यांचीही पोरं तिकडेच आहेत. हे शेवटचं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी एकदा कपडे वाळत घालता घालता म्हटलंही, "आई, गोळे टाकणाऱ्यांच्या आया झोपतील नाहीतर जागतील, आपल्याला काय." त्या म्हणाल्या, "मी जागते ना. मला माहीत आहे ते काय असतं." आणि चिमटा मागितला. त्यांच्याशी भांडता येत नाही, कारण निम्मं त्यांना ऐकू जात नाही आणि उरलेलं निम्मं त्या मनावर घेत नाहीत.

त्या बुधवारी चार वाजता महिला मंडळ आमच्याकडे यायचंच होतं, दर बुधवारी येतं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतलेली. नऊ बायका, एक मेणबत्ती, दोन डबे सूप. तीन महिन्यांत मी इतकं सूप प्याले आहे की नवऱ्यापेक्षा बोटीवर मीच आहे असं वाटावं. अध्यक्षीणबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या घरून उशी आणतात आणि ती जमिनीवर ठेवून एका गुडघ्यावर टेकतात, दुसरा पाय तसाच लांब. त्या पायाला ओलांडून चहा द्यावा लागतो. वहीवाल्या बाई प्रार्थनेचे विषय लिहून आणतात, गेल्या आठवड्यात काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं. त्यांनी चष्मा लावला, तो माझ्याच हातचा, आणि विचारलं, "काही नवीन कळलं का गं?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी तारीख घालून लिहिलं, अजून कळलेलं नाही. माझं खोटं त्यांनी असं सुवाच्य अक्षरात मांडून ठेवलं. मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "हे प्रभू, आमच्या भावाला त्या आगीतून बाहेर काढ." मनात आलं, काढलंय हो बाई. एकोणीस दिवस झाले. उठा आता, तुमचा पाय अवघडलाय. पण त्या मागतच राहिल्या, घाम येईपर्यंत, आणि त्यांच्या मागे बाकीच्या आठ, आणि सगळ्यांत मोठ्याने सासूबाई मोज्यांबद्दल. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि सगळ्यांवर चढत होता तो राग, यांच्यावर, त्याच्यावर. देवाने दिलं होतं आणि ते मी माझ्या पदरात लपवलं होतं. बाकीच्या त्याच्या दाराशी उभ्या राहून तेच मागत होत्या. शेवटी दारात चपला घालताना अध्यक्षीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तू एकदा तरी मोकळेपणाने रड." मी त्यांची उशी त्यांच्या हातात दिली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मीच त्या नंबरवर फोन लावला. वर्कशॉपच्या मागच्या जिन्यावर फ्रेमच्या खोक्यांमध्ये बसले होते. धर्मशाळेतल्या कुणीतरी त्याला हाक मारली, तो हात पुसत आला असावा. मी म्हणाले, "काय झालं ते सगळं सांग. नाहीतर आज घरी जाऊन आईंना सांगते." मग त्याने सांगितलं. पहिल्या महिन्यात कढईतलं तेल त्याच्या उजव्या हातावर उडालं होतं. जखम मोठी होती, पण भरत आली. मग एक दिवस बंदरातली मदतीची होडी आली, कप्तानाने सगळ्यांना डेकवर बोलावलं आणि म्हणाला, दोन जागा आहेत, आजारी माणसं जातील. एका खलाशाची बरगडी मोडली होती, तो गेला. दुसऱ्या जागेसाठी कप्तानाने इंजिनखान्यातल्या एका म्हाताऱ्याकडे पाहिलं, ज्याला सगळे खोकल्या म्हणतात, कारण थंडी सुरू झाल्यापासून त्याचा खोकला वरच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. "खोकल्या म्हणाला, माझं काय, माझा जुनाच आहे, आधी आचाऱ्याच्या हाताकडे बघा. मी पट्टी सोडली नव्हती." "म्हणजे?" "म्हणजे हात बरा झाला होता. पट्टी तशीच ठेवली होती." "किती दिवस?" "आठ-दहा. कुणी विचारलंच तर म्हणून." "मग?" "मग मी हात पुढे केला." खोक्यावरची चिकटपट्टी सोलत बसले. खरं म्हणजे काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं, आणि ते मी बोलूही शकले असते, कारण अंगात राग भरपूर होता. पण हा तिथे डेकवर उभा राहून मला विचारता, तर मी म्हणाले असते, दुसऱ्या हातालाही बांध. हे त्याला सांगितलं नाही. त्याऐवजी म्हणाले, "मग आता काय, आयुष्यभर तिथे बटाटे सोलत बसणार? इथे चर्चच्या दाराशी तुझा फोटो लावलाय." "तिथे येऊन तोंड कसं दाखवू? तू म्हणालीस ना फोटो लावलाय." "अरे, इथे नऊ बायका दर बुधवारी तुझ्यासाठी गुडघे टेकतात. एकीचा तर एकच गुडघा चालतो. त्यांच्या गुडघ्यांचं काय करू मी?" तो हसला की काय कळलं नाही. मग एकदम म्हणाला, "त्यांना आता कोण करून घालत असेल?" आणि बोलायला लागला. कप्तानाचं मीठ बंद आहे, त्याचं वेगळं काढावं लागतं. वीजवाल्याला कांदा चालत नाही, पण बारीक चिरून घातला तर कळत नाही. दोघे भाऊ आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत, पण थोरला आपल्या ताटातला मासा धाकट्याच्या ताटात टाकतो. रंगारी जेवताना घरचं पत्र वाचतो, तेच ते. खोकल्याला रात्रीचं घट्ट काही गिळत नाही, त्याला पातळ लागतं, कोमट, मिरी घालून. असे चौदा. वीस मिनिटं बोलत होता. लग्नानंतर सलग एवढं तो पहिल्यांदाच बोलला, आणि ते माझ्याबद्दल नव्हतं. मी खिशातलं काचेचं रिकामं पाकीट काढून त्याच्या मागच्या बाजूला सगळं लिहून घेतलं. का ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. सुट्टी संपल्याची हाक आली.

रविवारी शांतीसाठी खास उपासना होती. जगात जिथे जिथे युद्ध आहे तिथल्या पीडितांसाठी प्रार्थना, असा फळाच चर्चच्या दाराशी लावला होता, आणि त्याखाली अर्थात तो अर्धमिटल्या डोळ्यांचा फोटो. पाळकांनी आदल्या दिवशी मला सांगून ठेवलं होतं की मेणबत्ती तुम्ही लावा. मी पुढे गेले. काडी दोनदा विझली. तिसरी पेटवायच्या ऐवजी मी वळले आणि म्हणाले, "माझा नवरा सुटलाय. तेवीस दिवस झाले. बुधवारपासून मला माहीत आहे." मग जे झालं ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. सगळ्यांना आनंद झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षीणबाई लंगडत पुढे आल्या आणि त्यांनी मला कवटाळलं, वहीवाल्या बाई वही उघडून रडत होत्या. चार दिवस फसवलं होतं मी त्यांना, आणि कुणी एक शब्द बोलेना. पाळक दोन्ही हात वर करून म्हणाले, "आपली विनंती ऐकली गेली आहे." मी म्हणाले, "पाळक, चौदा जण अजून तिथेच आहेत." "हो हो, त्यांच्यासाठीही आपण करूच," ते म्हणाले, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. त्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मी पाकीट काढलं आणि वाचलं. कप्तान, मीठ बंद. वीजवाला, कांदा नको. दोघे भाऊ. रंगारी. खोकल्या, पातळ, कोमट. आवाज चढला होता माझा, घरात कुणी पसारा केला की चढतो तसा. वाचून संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. पाळकांचे हात खाली आले होते आणि त्यांना ते कुठे ठेवायचे ते समजत नव्हतं. आणि दुसऱ्या बाकावरून सासूबाईंनी विचारलं, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात, "मग तो घरी का नाही?" मी त्यांच्याजवळ गेले. "लाज वाटते त्याला, आई." "काय वाटते?" "लाज." "कशाची?" पट्टीचं मी सांगितलं नाही. ते माझं नव्हतं. "आपण सुटल्याची," मी म्हणाले. "मोठा आला लाजणारा," त्या म्हणाल्या, "फोन लाव."

फोन आवारात लावला, उपासना अर्धी टाकून. त्यांनी तो उलटा धरला होता, मी सरळ केला. "जेवलास का," त्यांनी विचारलं. मग, "हात कसा आहे," कारण हाताला भाजल्याचं कंपनीच्या माणसाने पहिल्या महिन्यात एकदा ओझरतं सांगितलं होतं आणि त्या विसरल्या नव्हत्या. तो काय म्हणाला ते त्यांना ऐकू गेलं नसणार. मला गेलं. तो म्हणाला, "बरा आहे. कधीचाच बरा आहे." त्या म्हणाल्या, "मग ये. मला दोनदा सांगायला लावू नकोस."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये चौदा जणांसाठी प्रार्थना झाली. पाळकांनी माझ्याकडून पाकीट मागून घेतलं होतं आणि मंडळीत एकेक जण वाटून दिला होता, अमुक घराने कप्तानासाठी करायची, तमुक घराने रंगाऱ्यासाठी. खोकल्या सासूबाईंनी मागून घेतला. त्या आठवडाभर भांडी घासताना देवाला सांगत होत्या, त्याला कुणीतरी मिरी कुटून देऊ दे. मला तेही ऐकवत नव्हतं. प्रत्येक घरात एक अनोळखी माणूस जेवायला बसवल्यासारखं झालं होतं आणि बोटीवर कुणाच्या ताटात काही पडत होतं की नाही देव जाणे. पण चिडचिडीत फरक पडला होता. आधी मी प्रार्थना लांबली म्हणून चिडायची, आता कुणी वीजवाल्याला विसरून पुढे गेलं की चिडायची.

त्याच्या पुढच्या रविवारी तो आला. स्टेशनवरून थेट चर्चमध्ये आला, कारण त्या वेळी घराला कुलूप असणार हे त्याला माहीत होतं. शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. मी मागे वळून पाहिलं नव्हतं, पण बायका एकेक करून वळायला लागल्या तेव्हा कळलं. मी उठून मागे गेले आणि त्याच्या शेजारी बसले. तो वाळला होता. उजव्या हाताच्या पाठीवर गुलाबी चट्टा होता, पट्टी नव्हती. पाळकांनी आम्हाला पाहिलंच नाही असं दाखवलं, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर चांगलं म्हणेन, आणि ते नेहमीसारखं म्हणाले, "आता आपण त्या चौदा भावांसाठी प्रार्थना करू या."

"तेरा," नवरा म्हणाला.

तो उठला नव्हता, बसूनच म्हणाला. पाळक थांबले. "तेरा आहेत," तो पुन्हा म्हणाला. "खोकल्या मंगळवारी गेला. काल कंपनीच्या माणसाने सांगितलं. छाती भरली. होडीत जागा त्याची होती. माझा हात बरा झाला होता. मी बसलो." एवढंच. सहा-सात वाक्यं, प्रत्येक वेगळं खरवडून काढलेलं. अध्यक्षीणबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. आणि पुढून सासूबाई, अर्ध्या वळून, कानामागे पंजा धरून म्हणाल्या, "काय म्हणाला तो?" कुणीच सांगेना. त्यांच्या शेजारच्या बाईंनी मान खाली घातली. शेवटी मीच उठले, मधल्या वाटेने त्यांच्यापर्यंत गेले, आणि त्यांच्या कानाशी वाकून, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं. "खोकल्या गेला, आई. होडीत त्याची जागा होती. ह्याचा हात बरा झाला होता. हा त्याच्या जागेवर बसला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लांबवर मागच्या बाकाकडे. मग त्या बाकावर थोड्या आत सरकल्या. "त्याला इकडे बोलाव," त्या म्हणाल्या. तो पिशवी उचलून आला आणि त्यांच्या बाजूला बसला. त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याच्या घरी कोण आहे?" "बायको. एक मुलगी." "मग प्रार्थनेत त्यांचंही घ्या," त्यांनी पाळकांना सांगितलं.

पाळकांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. त्यांच्याकडचे सगळे इस्त्रीचे शब्द संपले असावेत. मंडळी वाट बघत होती. मी अजून मधल्या वाटेत उभी होते. मला राग आला होता. तोफा डागणाऱ्यांचा, कंपनीच्या त्या निकाल वाचणाऱ्या माणसाचा, ह्याचा, आणि आपली जागा देऊन मोकळा झालेल्या त्या म्हाताऱ्याचाही, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं. आणि ह्या सगळ्यांच्या वर जो बसला होता त्याचा सगळ्यांत जास्त. तो राग गिळायचा प्रयत्न मी तीन महिने केला होता. आता गिळला नाही. हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत, वर बघून म्हणाले, "तेरा आहेत. ऐकलंस ना? तेरा. आता यातला एकही कमी करू नकोस."